दोन इंच कापड

दसऱ्याच्या आदल्या रविवारी आम्ही पाचजण तुळजापूरला निघालो होतो. पुढे मी आणि भाऊजी, मागे आत्या, ताई आणि तिचा नऊ वर्षांचा मुलगा. किल्ली फिरवण्याआधी मी म्हटलं, "मागचेही पट्टे लावा." आत्यांनी आरशातून माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्यांना हेल्मेटच घालायला सांगितलंय. भाच्याने मात्र उत्साहाने खांद्याजवळचा पट्टा ओढला, कमरेपर्यंत आणला आणि विचारलं, "मामा, अडकवू कुठे?"

अडकवायला बकलच नव्हतं. तिन्ही जागी गुळगुळीत लेदरेट. गाडी घेतली त्याच आठवड्यात मी हौसेने सीट कव्हर घालून घेतलं होतं. कव्हर चढवताना दुकानातल्या कारागिराने तिन्ही बकलं सीटच्या फटीत खाली ढकलली होती. "बसायला टोचतंय ओ साहेब, आणि मागं कोण लावतंय?" हे त्याचं वाक्य मला आत्ता आठवलं. त्या वेळी मी मान डोलावली होती. नंतरची तीन वर्षं पुणे, पंढरपूर, अक्कलकोट, विजापूर सगळं फिरून झालं, पण मागच्या सीटवर बसणाऱ्या एकालाही बकल गायब असल्याचा पत्ता लागला नाही. कारण एकानेही ते शोधलं नव्हतं.

फटीत हात घालून, कव्हरची शिवण दोन ठिकाणी उसवून बकलं वर काढायला पंचवीस मिनिटं लागली. सोबत शेंगदाण्याची फोलपटं, एक हेअरपिन आणि दोन रुपयांचं नाणंही निघालं. देवीचं दर्शन अर्ध्या तासाने उशिरा झालं. जाताना आत्या एकच वाक्य बोलल्या, "एवढ्याशा पट्टीनं काय होणार आहे?"

हा प्रश्न सोलापूरच्या बाईने विचारावा याची मला गंमत वाटली. 1877 साली इथे 'जुनी मिल' सुरू झाली, तेव्हापासून हे गाव कापडावर जगत आलं. घरोघरी मागाचा खडखडाट ऐकत पिढ्या वाढल्या. कापड किती ताण सोसतं हे आपल्याला कुणी सांगायला नको. तरीही गाडीतला पट्टा हे विणलेलं कापड आहे, ही गोष्ट आपल्या मनात येत नाही.

पुढच्या वेळी गाडीत बसाल तेव्हा तो बोटांत धरून पाहा. रुंदी दोन इंचांना जराशी कमी, जाडी मिलिमीटरच्या आसपास. पॉलिएस्टरचे तीनशेच्या आसपास उभे धागे, त्यांना घट्ट बांधणारे आडवे, आणि कडा अशा विणलेल्या की उसवू नयेत, मानेला कापूही नयेत. अरुंद पट्ट्या विणायच्या खास मागावर तो विणतात. आंतरराष्ट्रीय नियमानुसार ही पट्टी सुमारे दीड टन ओढ लावेपर्यंत तुटता कामा नये. प्रत्यक्षात ती त्याहून बरीच जास्त सोसते. एक सबंध मोटार टांगावी आणि पट्टी तशीच राहावी, इतकी तिची ताकद.

एअरबॅगही कापडच. नायलॉनचं, दाट विणीचं. आणि खिडकीवरून पडद्यासारखी उलगडणारी जी 'कर्टन एअरबॅग' असते, तिचे बरेच प्रकार जेकॉर्ड मागावर विणतात. कुठे दोन पदर एकत्र बांधायचे आणि कुठे हवेसाठी वेगळे ठेवायचे, हे विणतानाच ठरतं. शिवण लागत नाही. सोलापुरी चादरीवर मोर किंवा फुलं उठवणारं तंत्र तेच. चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण त्याच जातीच्या मागावरचं कापड आपल्या डोक्याशेजारी छतात घडी घालून ठेवलेलं असतं, हे मला वयाच्या पन्नाशीला कळलं.

*

आता आत्यांच्या प्रश्नाकडे. काय होणार आहे?

सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी आठवा. विमानतळाच्या आड येते म्हणून वर्षानुवर्षं गाव तिच्यावरून भांडलं, आणि 15 जून 2023 रोजी ती पाडली गेली. उंची सुमारे 90 मीटर. समजा तिच्या अर्ध्याहून जरा खालून, म्हणजे 39 मीटरवरून एखादी वस्तू सोडली, तर हवेचा अडथळा सोडून दिल्यास जमिनीला टेकताना तिचा वेग ताशी 100 किलोमीटर असेल. पुणे हमरस्त्यावर मोहोळ ओलांडलं की आपण सगळे ज्या वेगाने बसून गप्पा मारतो, तोच हा वेग. ताशी 60 म्हणजे 14 मीटर, चार-साडेचार मजले. चौथ्या मजल्याच्या कठड्यावर बसून कुणी शेंगा सोलत नाही. गाडीत मात्र आपल्याला तसं वाटत नाही, कारण वेग अंगाला जाणवतच नाही. जाणवतं ते थांबणं.

आणि थांबायला किती जागा मिळते, यावर सगळं ठरतं. ताशी 60 च्या वेगात असलेलं डोकं डॅशबोर्डवर आपटून पाच सेंटिमीटरमध्ये थांबलं, तर त्याला स्वतःच्या वजनाच्या 280 पट मार बसतो. त्याच माणसाला थांबायला पाऊण मीटर, एक मीटरच्या जवळपास जागा मिळाली, तर तोच मार 15 ते 20 पटींवर येतो. गाडीच्या सुरक्षेवर जगभर आजवर जी बुद्धी खर्च झाली, ती बहुतेक सगळी हे सेंटिमीटर मिळवण्यासाठी. काही बॉनेट चेपून मिळतात, काही पट्टा ताणून, काही एअरबॅग दबून.

15-20 पट तरी माणूस सोसेल का, हा प्रश्न जॉन स्टॅप नावाच्या अमेरिकी हवाईदलातल्या डॉक्टराने स्वतःवरच सोडवून पाहिला. 10 डिसेंबर 1954 रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात रॉकेट जोडलेल्या घसरगाडीवर त्याने स्वतःला पट्ट्यांनी बांधून घेतलं, ताशी 1,000 किलोमीटरच्या पुढे गेला आणि सव्वा-दीड सेकंदात थांबला. वजनाच्या 46 पट ओढ. डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुटल्या, काही काळ दिसेनासं झालं, पण माणूस जगला आणि पुढे म्हातारा होऊन गेला. शरीर नीट बांधलेलं असेल तर ते आपल्या समजुतीपेक्षा खूप सोसतं, हे त्याने दाखवलं. बांधलेलं असेल तर.

कमरेवरून आणि छातीवरून एकाच वेळी जाणारा आजचा पट्टा 1959 चा. तो बनवणारे निल्स बोलिन हे स्वीडनचे अभियंते. व्होल्वोत येण्याआधी ते लढाऊ विमानांच्या, वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्या करत. वैमानिक चार-पाच पट्टे मुकाट्याने बांधून घेतो. मोटारवाला एका हाताने, एका झटक्यात लागेल तेवढंच लावेल, हे त्यांनी ओळखलं. आणि पेटंट असूनही व्होल्वोने हा पट्टा इतर सगळ्या कंपन्यांना वापरू दिला. व्यापाराच्या इतिहासात अशी उदाहरणं फार नाहीत.

*

धडक ही किती वेळाची गोष्ट आहे? सेकंदाचा दहावा, फार तर सातवा हिस्सा. पापणी लवून उघडेपर्यंत सगळं संपलेलं असतं. सेकंदाचे हजार भाग असलेल्या घड्याळावर, म्हणजे मिलिसेकंदांत, काय काय होतं ते पाहू.

बंपर टेकला, शून्य. पहिल्या 10 ते 20 मिलिसेकंदांत पुढच्या बाजूचे आणि गाडीच्या मध्यभागी बसवलेल्या छोट्या संगणकातले सेन्सर ठरवतात, की हा खड्डा आहे, कुत्रं आहे की खरी धडक. ही निवड सर्वांत कठीण. आपल्या रस्त्यांवर गाडी रोज दहा वेळा आदळते. प्रत्येक वेळी एअरबॅग फुटली तर कुणी गाडी घेणार नाही. धडक खरी ठरली की आधी पट्ट्याचं काम सुरू होतं. खांबाच्या आत, रिळाजवळ चिमूटभर बारुदाची एक कुपी असते. ती पेटते आणि पट्टा काही सेंटिमीटर मागे खेचून माणसाला सीटला चिकटवते. याला प्रीटेन्शनर म्हणतात. सदऱ्याची, जॅकेटची, पोटाची ढील त्यातून निघून जाते.

त्याच सुमाराला स्टिअरिंगच्या मधलं झाकण शिवणीवर फाटतं. आतल्या रसायनाचा भडका उडून वायू तयार होतो आणि सुमारे 60 लिटरची पिशवी 30 मिलिसेकंदांच्या आसपास फुगते. तोवर माणूस पुढे यायला लागलेला असतो. 50-60 व्या मिलिसेकंदाला त्याची छाती आणि चेहरा पिशवीत शिरतो, आणि पिशवी तेव्हाच मागच्या भोकांतून रिकामी व्हायला लागलेली असते. हे महत्त्वाचं. फुगलेल्या टणक फुग्यावर आपटलात तर भिंतीवर आपटल्यासारखंच. एअरबॅग हळूहळू हार मानते, म्हणून वाचवते. पट्टाही तेच करतो. ठरावीक ओढ झाली की रिळातली एक सळई पिळत जाते आणि पट्टा थोडा सुटतो, म्हणजे बरगड्या मोडू नयेत. शंभराव्या मिलिसेकंदाला गाडी थांबलेली, दीडशेव्याला माणूस परत सीटवर. आता डोक्यामागची उशी मान सांभाळते. ती उशी काढून तिथे मखमली लोड बांधणारे महाभाग मी पाहिले आहेत.

नंतर गाडीत पांढरी धूळ आणि जळकट वास भरतो. लोकांना वाटतं आग लागली, आणि ते घाबरून भर रस्त्यात उड्या टाकतात. ती धूळ बहुतेक वेळा पिशवी घडीतून सहज उलगडावी म्हणून लावलेली भुकटी असते.

या सगळ्या वेळापत्रकात माणूस कुठे असेल हे गृहीत धरलेलं आहे: पाठ टेकून, पट्ट्यात. पट्टा नसेल तर ब्रेक लागतानाच तो पुढे सरकलेला असतो आणि फुगणारी पिशवी त्याला भेटते ती ताशी दोन-तीनशे किलोमीटर वेगाने. एअरबॅगच्या झाकणावर जी एसआरएस अक्षरं असतात, त्यातल्या पहिल्या अक्षराचा अर्थच 'पूरक' असा आहे. मुख्य काय, ते न सांगताही कळावं. "माझ्या गाडीला सहा एअरबॅग आहेत, मला पट्ट्याची गरज नाही" असं म्हणणारा गृहस्थ भाकरी नसताना चटणी किती प्रकारची आहे ते सांगत असतो.

मांडीवरच्या बाळाचंही एकदा हिशेबाने बघा. बाळ दहा किलोचं, गाडी ताशी 50 वर, बॉनेट 60 सेंटिमीटर चेपलं. त्या क्षणी बाळाची ओढ दीड क्विंटलच्या वर जाते. साखरेची 50 किलोची तीन पोती. आई कितीही घट्ट धरो, हात सुटतातच. आणि पट्टा न लावलेल्या आईच्या मांडीवर बाळ असेल, तर डॅशबोर्ड आणि आई यांच्यामध्ये ते चेपलं जातं. हे वाक्य लिहायला जड जातं, पण लिहिलं पाहिजे.

*

जुळे सोलापुरात ओळखीचे एक डेंटिंगवाले आहेत. हातोडीच्या आवाजावरून पत्रा कोणत्या कंपनीचा ते सांगतात. त्यांचं ठाम मत: "पूर्वीच्या गाड्या गाड्या होत्या साहेब. अँबेसेडरला धडकलं की समोरचा गेला. आता बघा की, बोट लावलं तरी पोचा येतोय. पापड नुसता!" हे मत सोलापुरातच काय, महाराष्ट्रात कुठल्याही गॅरेजबाहेर चहा पिताना ऐकायला मिळेल. पोच्याबद्दल ते बरोबर आहेत. बाकी चूक.

गाडीचा पुढचा भाग चेपावा म्हणूनच तसा केलेला असतो. ही कल्पना मर्सिडीजमधले बेला बारेनी यांची, 1950 च्या दशकातली: माणसं बसतात तो मधला पिंजरा कडक, आणि त्याच्या पुढचा-मागचा भाग मऊ. धडकेची ताकद मऊ भागाने खाऊन टाकायची. जाड पत्र्याची गाडी चेपत नाही, तेव्हा ती ताकद आतल्या माणसांकडे जाते. याचा निकाल 2009 साली अमेरिकेत लागला. तिथल्या विमा कंपन्यांच्या रस्तासुरक्षा संस्थेने आपल्या पन्नासाव्या वर्षी 1959 ची शेवरोले बेल एअर आणि 2009 ची शेवरोले मॅलिबू समोरासमोर धडकवल्या. जुनी गाडी रणगाड्यासारखी. धडकेनंतर तिचं छत वाकलं, दार उघडं पडलं, स्टिअरिंग पुतळ्याच्या अंगावर आलं. तो माणूस असता तर वाचला नसता. नव्या गाडीतल्या पुतळ्याच्या पायाला इजा दाखवली, बस.

तेव्हा धडकेनंतर बॉनेटचा चोळामोळा झाला आणि दारं मात्र उघडता आली, तर गाडीने आपलं काम केलं. मग 'टोटल लॉस' झाल्याबद्दल हळहळू नये.

याच मऊ भागाच्या पुढे आपण हौसेने लोखंडी बंपर गार्ड लावतो. त्याने पायी चालणारा तर मरतोच, शिवाय धडकेचा धक्का चेपण्याच्या भागाला टाळून थेट सांगाड्यात जातो आणि सेन्सरचा हिशेब चुकतो. केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना ते काढायला लावा म्हणून कळवलं. सोलापुरात एक फेरी मारा आणि मोजा. सीट कव्हरचंही तसंच. ज्या गाड्यांच्या सीटच्या कुशीत एअरबॅग असते, तिथे जाड कव्हर म्हणजे बंदुकीच्या नळीला बूच.

भारतात गाड्या आपटून गुण देण्याची पद्धत उशिरा आली. जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने आपल्याकडच्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांचे निकाल जाहीर केले; पाचही शून्य तारे. त्या धक्क्याने बरंच काही हललं. 2017 पासून नव्या मॉडेलना समोरच्या आणि बाजूच्या धडकेची चाचणी आली, जुलै 2019 पासून चालकाची एअरबॅग, 2021 पासून शेजारच्याचीही. सहा एअरबॅग सक्तीच्या करण्याचा प्रस्ताव एकदा पुढे ढकलून मग सोडून दिला गेला. नियमांची ही कलमं लिहिणाऱ्या समितीचं कामकाज जिथून चालतं ती एआरएआय संस्था पुण्यात कोथरूडला आहे. 1966 ची. पुणेकरांना ती मुख्यतः सकाळी फिरायला जायची टेकडी म्हणून ठाऊक.

ऑक्टोबर 2023 पासून 'भारत एनकॅप' सुरू झालं. ताशी 64 च्या वेगाने गाडीच्या रुंदीचा 40 टक्के भाग ॲल्युमिनियमच्या जाळीदार अडथळ्यावर आपटतात, मग बाजूने धडक, मग खांब. पाच तारे मिळाले की शोरूमवाले मोठा फलक लावतात. चांगलंच आहे. पण 64 हा आकडा लक्षात असू द्या. ताशी 100 ला धडकेची ताकद 64 च्या जवळजवळ अडीचपट असते. पाच तारे त्या वेगाला दिलेले नाहीत.

*

3 जून 2014, मंगळवारची सकाळ. केंद्रात मंत्री होऊन पुरता दीड आठवडाही न झालेले गोपीनाथ मुंडे दिल्लीत विमानतळाकडे निघाले होते. मागच्या सीटवर, पट्ट्याविना. चौकात दुसरी गाडी बाजूने धडकली. त्यांच्या गाडीकडे पाहून कुणाला वाटलं नसतं की आतला माणूस गेला असेल. बाहेरून फारशी जखम नव्हती. मार होता मानेच्या मणक्याला आणि यकृताला. डॉक्टर मंडळी सांगतात त्याप्रमाणे प्रत्येक अपघातात तीन धडका होतात: गाडीची अडथळ्याशी, शरीराची गाडीशी, आणि आतल्या अवयवांची शरीराच्या भिंतीशी. तिसरी डोळ्यांना दिसत नाही. त्या दिवशी परळीपासून सोलापूरपर्यंत किती घरांत चूल पेटली नाही, ते आमच्या पिढीला आठवतं. पण त्या आठवड्यातही मागच्या सीटवरचा पट्टा कुणी बाहेर काढल्याचं आठवत नाही.

आठ वर्षांनी, 4 सप्टेंबर 2022 रोजी, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्रींची गाडी कठड्यावर आदळली. गाडी उत्तम, महाग, एअरबॅगांनी भरलेली. पुढचे दोघे जबर जखमी होऊन वाचले. मागचे दोघे, मिस्त्री आणि जहांगीर पंडोल, गेले. पोलिसांच्या प्राथमिक तपासात मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते असं पुढे आलं. पट्टा असता तर काय झालं असतं, हे कुणी खात्रीने सांगू शकत नाही. पण गाडी एक, धडक एक आणि निकाल दोन.

मागचा पट्टा लावण्याचा नियम काही तेव्हा आलेला नाही. तो केंद्रीय मोटार वाहन नियमांत आधीपासून होता आणि 2019 च्या दुरुस्तीने दंड 1,000 रुपये झाला. मुलांसाठीही वेगळं कलम आहे. आता 1 एप्रिल 2025 पासून नव्या गाड्यांना पट्टा न लावल्यास वाजणारी मागच्या सीटचीही घंटी सक्तीची झाली. पण आपण कुणाचं ऐकणार आहोत? घंटी बंद करण्यासाठी नुसती पट्ट्याची जीभ विकत मिळे, शंभर-दोनशे रुपयांत, वर गणपतीचं चित्र असलेलीसुद्धा. 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन दुकानांना त्या काढायला लावल्या. 13 हजारांवर जाहिराती उतरवाव्या लागल्या. स्वतःच्या जिवाची घंटी बंद करायला इतकं गिऱ्हाईक!

केंद्राच्याच आकडेवारीनुसार 2022 साली देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली. पट्टा न लावलेल्यांचे बळी त्यात 16,715, आणि यातले निम्मे चालक नव्हते, प्रवासी होते.

मागे बसणारा फक्त स्वतःचंच बघतो असंही नाही. जपानी संशोधकांनी अपघातांच्या मोठ्या नोंदी तपासून 2002 साली 'लॅन्सेट'मध्ये मांडलं, की मागचा माणूस पट्ट्याविना असेल तर पुढच्या, पट्टा लावलेल्या माणसाच्या मृत्यूचा धोका जवळपास पाचपट होतो. साहजिक आहे. सत्तर किलोचा माणूस मागून पुढच्या सीटवर येऊन आदळतो. आत्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा गंभीर झाल्या. "म्हणजे मी तुला मारीन होय?" म्हणाल्या, आणि पट्टा लावला.

*

इथवर जे लिहिलं ते जगात कुठल्याही शहराला लागू आहे. सोलापूरला एक गोष्ट वेगळी लागू आहे, आणि तिच्यापुढे पट्टा, पिंजरा, पिशवी सगळंच हात टेकतं.

दिवाळी संपता संपता साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात. अकलूज, माढा, पंढरपूर, मंगळवेढा, मोहोळ. कुठेही जा, रात्री रस्त्यावर उसाची वाहनं. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी लोंबणारा ऊस, पुढे मोठ्याने गाणी आणि मागे अंधार. टायरच्या बैलगाड्यांचं तर विचारूच नका. पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्यातच उभी. चाकामागे दगड, दिवा नाही, त्रिकोण नाही. दुरुस्ती झाली की ट्रॉली जाते, दगड तिथेच.

अशा ट्रॉलीच्या मागे गाडी शिरते तेव्हा काय होतं? चेपायचा भाग, सेन्सर, धक्का पेलणाऱ्या तुळया, सगळं गाडीच्या बंपरच्या उंचीला असतं. ट्रॉलीचा तळ त्याहून वर, पार काचेच्या उंचीला. बॉनेट तिच्याखाली सरळ सरकत जातं. जोराचा धक्का बसतच नाही, म्हणून एअरबॅगला निरोप उशिरा पोहोचतो. आणि ट्रॉलीची लोखंडी कड पहिल्यांदा भेटते ती काचेला आणि छताच्या खांबांना. पाच तारे देणाऱ्या चाचणीत अशी धडक नाही.

29 जून 1967 च्या पहाटे न्यू ऑर्लिन्सकडे जाताना अभिनेत्री जेन मॅन्सफिल्ड यांची गाडी अशीच एका ट्रेलरखाली घुसली. पुढच्या सीटवरची तिन्ही मोठी माणसं गेली. मागच्या सीटवरची मुलं वाचली. अमेरिकेत ट्रेलरच्या मागच्या आडव्या लोखंडी पट्टीला आजही लोक तिच्या नावाने ओळखतात. आपल्याकडे ट्रकना ही पट्टी लागते, जमिनीपासून सुमारे 55 सेंटिमीटरच्या आत, म्हणजे गाडीचा बंपर तिच्यावर अडावा. उसाच्या ट्रॉलीला ती मी तरी पाहिलेली नाही.

हंगामाच्या सुरुवातीला कारखान्यांच्या आवारात आरटीओचे अधिकारी येतात, रिफ्लेक्टर लावण्याचे कार्यक्रम होतात, वर्तमानपत्रांत फोटो छापून येतात. कामाचंच आहे ते. पण महिन्याभरात चिखलाने, पाचटाने त्या लाल पट्ट्या झाकून जातात आणि मार्चपर्यंत कुणी पुसत नाही. वाहनाचा करार करताना, आगाऊ रक्कम देताना कारखाना शंभर कागद मागतो. मागचा दिवा आणि आडवी पट्टी असल्याशिवाय ट्रॉली वजनकाट्यावर घ्यायची नाही, असा ठराव एखाद्या संचालक मंडळाने केला तर त्याला कुठल्याही संशोधनाची गरज नाही. काटा त्यांचाच आहे. ऊस वाहणाऱ्याला दोष देऊन मोकळं होणं सोपं. तो दोन दिवस झोपलेला नसतो, आणि दिव्याची वायर उंदरांनी खाल्ली तर खेपेचे पैसे कापून घेऊन ती जोडायला तो थांबणार नाही.

जाता जाता, सेकंडहँड गाडी घेणार असाल तर एक गोष्ट. किल्ली फिरवली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर समजा, कुणीतरी फुटलेली पिशवी परत न बसवता वायर मारून दिवा गप्प केलाय. आणि अपघातात एकदा ताणला गेलेला पट्टा पुन्हा वापरायचा नसतो. त्याच्या धाग्यांनी आपलं आयुष्य त्या एका झटक्यात संपवलेलं असतं.

परतीच्या वाटेवर, तामलवाडीच्या अलीकडे, एका पिकअपने अचानक वळण घेतलं आणि मी जोरात ब्रेक मारला. काही झालं नाही. फक्त मागून तीन पट्टे एकदम आवळल्याचा आवाज आला. ब्रेकने गाडीला हिसका बसला की रिळापाशी वाटीत ठेवलेली पोलादी गोळी कलंडते आणि दात अडकवते, एवढीच ती यंत्रणा. पट्टा जोरात ओढून पाहिला तर उभ्या गाडीतही तो अडतो. आत्यांच्या खांद्यावर जरीच्या पदराला चुणी पडली होती. त्या ती हाताने सरळ करत बसल्या होत्या, पण पट्टा त्यांनी काढला नाही.

लक्ष्मीपूजनाला गाडी धुवाल, हार घालाल, चाकाखाली लिंबू ठेवाल. त्याआधी मागच्या सीटच्या फटीत हात घाला आणि तिन्ही बकलं वर काढून ठेवा. कव्हर उसवावं लागलं तर उसवा.